धोट्याची वाळू कोरडी राहिली त्या दिवशी

सकाळी चहाच्या आधी मी आमच्या बोक्याची, धोट्याची, वाळू चाळतो. वाळू आपली म्हणायची. खरं तर ती पेट शॉपमधून आणलेली बेंटोनाइटची माती, ओली झाली की गोळा धरते. घरातले हसतात. पण टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला रोजची बेरीज जुळल्याशिवाय चैन पडत नाही, आणि मांजराच्या तब्येतीची निम्मी बेरीज त्या ट्रेमध्येच मांडलेली असते. धोट्याचे दिवसाला दोन-तीन मोठे गोळे आणि एकदा शी, हे ठरलेलं. त्यामुळे गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत एका सकाळी ट्रेमधून बारीक बारीक बरेच गोळे निघाले आणि त्यातल्या एकाला गुलाबी छटा दिसली, तेव्हा मी चाळणी खाली ठेवली आणि बायकोला हाक मारली.

धोट्या आमच्या कारखान्यातलाच. अशोक चौकाच्या अलीकडे-पलीकडे आमच्या पूर्व भागात गल्लोगल्ली माग आहेत. त्यातल्याच एका शेडमध्ये कांड्यांच्या टोपलीत त्याच्या आईनं पिलं घातली होती. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यासारखा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायचा, म्हणून कामगारांनीच नाव ठेवलं. घरी आला, नसबंदी झाली, कोरड्या खाण्याची चटक लागली आणि बघता बघता पाच किलोच्या पुढे गेला. मागांच्या खडखडाटात तो खुशाल झोपतो. फटाक्याचा एक बार मात्र त्याला सहन होत नाही.

मांजर आपलं दुखणं दाखवत नाही, असं सगळेच सांगतात. कारण ऐकलं की पटतं. स्वतः शिकारी असलं तरी जीव लहान, मोठ्या जनावराच्या तोंडी जाणारा. अशक्त दिसला की संपला. ती खोड घरातल्या गादीवर लोळणाऱ्या मांजरातही उरलेली आहे. बरं नसलं की ते कोपरा धरतं आणि गप्प होतं. काही मांजरं दुखत असतानाही घुरघुरतात, तेव्हा त्या आवाजावरही भरवसा ठेवता येत नाही. मग कळायचं कशावरून? माझं मत असं की, आपल्या मांजराचं रोजचं वागणं ज्याला पाठ आहे, त्याला लक्षणांची यादी फारशी लागत नाही. किती खातं, कुठे झोपतं, कुठवर उडी मारतं, अंग किती वेळ चाटतं, ट्रेमध्ये किती वेळा जातं, यातलं काय बदललं तेवढं टिपायचं.

त्या दिवशी बदललेलं बरंच होतं. दुपारी बायकोचा कारखान्यात फोन आला. "अहो, हा सारखा ट्रेमध्ये जातोय. बसतो, जोर लावतो, उठतो, वाळू उकरतो, परत बसतो. आणि वाळू कोरडीच्या कोरडी." सकाळी बारीक का होईना, गोळे तरी होते. आता तेही नाहीत. मधूनच तो मागचा पाय वर करून लघवीच्या जागेलाच चाटत बसायचा. दुपारचं खाणं तसंच पडून. हा बोका खाण्याला पाठ फिरवतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कामं आवरून लगेच घरी आलो.

संध्याकाळी होम मैदानावर जत्रेचं शोभेचं दारूकाम सुरू झालं. आवाज आमच्यापर्यंत येतात. धोट्या दिवाणाखाली शिरला आणि आई म्हणाली, "फटाक्याला भ्यालाय रे, बसू दे." दरवर्षीचं आहेच ते. पण भ्यालेला धोट्या सगळं शांत होईपर्यंत हलत नाही. हा तर ऐन बार उडत असताना सारखा बाहेर येऊन ट्रे गाठत होता. भीती होतीच, पण त्याला बाहेर काढणारं काहीतरी तिच्याहून मोठं होतं. एकदा तर ट्रेमध्ये बसल्या बसल्या असा ओरडला, की शेजारच्या अक्का दारात आल्या.

अक्कांचं निदान तयार होतं. "कब्ज झालंय बघ त्याला. चमचाभर एरंडेल पाज की, सकाळपर्यंत मोकळा होतोय." लघवीसाठी जोर लावणारा बोका आणि शी होत नसलेला बोका लांबून अगदी एकसारखे दिसतात, त्यामुळे अक्कांचं चूक म्हणता येणार नाही. पण सकाळी त्याला व्यवस्थित शी झालेली मी स्वतः उचलली होती. शिवाय मांजराच्या तोंडात जबरदस्तीनं तेल ओतलं तर ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. ही भानगड मी आमच्या एका कामगाराच्या मांजराच्या बाबतीत पाहिलेली. एरंडेल राहिलं. मी त्याला जवळ घेऊन पोटाखालून हलका हात फिरवला. मागच्या पायांच्या जरा पुढे घट्ट, ताणलेला गोळा लागला. बोट लागताच त्यानं मान फिरवून दात दाखवले. धोट्यानं मला दात दाखवणं हीच माझ्यासाठी पुरेशी चिठ्ठी होती.

आता डॉक्टर. सोलापुरात जनावरांचे डॉक्टर आहेत, पण रात्री, तेही गड्ड्याच्या, बोक्याला नळी घालणारे कोण हा वेगळाच प्रश्न. पहिल्या ठिकाणी फोन उचललाच गेला नाही. दुसरीकडे सांगितलं, "सकाळी आणा, बघू." तिसरा नंबर जुळे सोलापूरच्या बाजूच्या एका डॉक्टरबाईंचा, मुलाच्या मित्राकडून मिळालेला. त्यांनी आधी प्रश्न विचारले. बोका की मांजरी? शेवटची लघवी कधी दिसली? उलटी झाली का? उभा राहतोय का? मी सांगितलं तसा त्यांचा आवाज बदलला. "सकाळची वाट बघू नका. पोट दाबू नका, पाणी-दूध काही पाजू नका, आत्ता निघा. मी दवाखाना उघडते."

पोट का दाबायचं नाही, हे नंतर समजलं: तुडुंब भरलेलं मूत्राशय दाबलं तर फुटू शकतं.

पिंजरा आमच्याकडे नव्हता. भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये जुनी चादर घातली, धोट्याला ठेवलं, वरून दुसरा क्रेट पालथा घातला आणि दोन्ही सुतळीनं बांधले. सगळं गाव गड्ड्याला लोटलेलं, पार्क चौकाकडून जाणं म्हणजे अडकून पडणं. रिक्षावाला शहाणा निघाला. गुरुनानक चौकातून आसरा चौकाकडे रिक्षा काढली. वाटेत धोट्यानं फेसाळ पाण्याची उलटी केली. नंतर ओरडायचा थांबला. बायको म्हणाली, "जरा शांत झाला वाटतं." मला ते शांत होणं अजिबात आवडलं नाही.

डॉक्टरबाईंनी त्याला टेबलावर घेतलं, पोटाला हात लावला आणि म्हणाल्या, "पूर्ण तुंबलंय." हिरड्या फिक्या. ताप मोजला तर उलट कमीच. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरेनहाइट, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तेवढं, आणि धोट्या त्याच्याही बऱ्याच खाली उतरला होता. स्टेथोस्कोप लावून त्या जरा जास्तच वेळ ऐकत राहिल्या. ठोके मंद होते. हात चालू ठेवून त्या मला सांगत होत्या, बहुधा मी मध्ये मध्ये करू नये म्हणून. लघवी अडली की शरीरातली घाण बाहेर पडत नाही, मूत्रपिंडं मार खातात, रक्तात पोटॅशियम साचतं आणि ते वाढलं की हृदयाची गती बिघडते. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो, आणि जातो तो बऱ्याचदा या पोटॅशियमनं. म्हणून आधी शिरेतून सलाईन आणि हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन, अगदी हळूहळू. नळीचं नंतर.

ठोके जरा सावरल्यावर गुंगी दिली. नळी म्हणजे माणसाच्या सलाईनच्या नळीहूनही बारीक. बोक्याची मूत्रनलिका लांब, आणि टोकाला अगदी अरुंद. मांजरीची आखूड आणि रुंद. त्यामुळे हे संकट जवळजवळ नेहमी बोक्यावरच येतं. टोकाशी बूच बसल्यासारखा कचरा होता. सलाईननं धुवत, थोडं पुढे सरकत, परत धुवत त्यांनी नळी आत नेली. मग लालसर, गढूळ लघवी आली, तळाला रेती बसणारी. येतच राहिली. बायकोनं पदर डोळ्याला लावला. मी किती भांडं भरलं ते बघत होतो, सवयच वाईट.

नळी टाके घालून तशीच ठेवली, खाली पिशवी लावली, गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर. बोका काही दिवस दवाखान्यातच राहिला. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालत नसली की रक्तात साचणारी घाण, ६ च्या वर आलं; मांजरात ते २ च्या आसपास असलं तर ठीक म्हणतात. गंमत म्हणजे अडथळा निघाल्यावरचे पहिले एक-दोन दिवसही धोक्याचेच. तुंबलेली मूत्रपिंडं एकदम इतकी लघवी सोडतात की तेवढं सलाईन मागून गेलं नाही तर जनावर कोरडं पडतं. पिशवीत किती आलं आणि बाटलीतून किती गेलं, याचा तक्ता पिंजऱ्याला लटकवलेला असायचा. जमा-खर्चाचा तक्ता मी वाचू शकतो. एका संध्याकाळी क्रिएटिनिनचा आकडा निम्म्याहून खाली आलेला पाहिला, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

लघवीचा थेंब डॉक्टरबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. पैलूदार, काचेसारखे स्वच्छ खडे. स्ट्रुवाइट. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे हे स्फटिक लघवी घट्ट झाली आणि आम्लता कमी पडली की जमतात. त्यात चिकट स्राव मिसळला की बूच तयार. मी विचारलं, "आमच्या बोअरच्या जड पाण्यामुळे का?" आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, मधले दिवस बोअरवर भागतं, त्यामुळे पहिला संशय पाण्यावर. त्या म्हणाल्या, पाणी कसलं आहे याच्यापेक्षा तो किती पितो ते महत्त्वाचं. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. तहान कमीच, पाणी मिळायचं ते शिकारीच्या अंगातून. त्याला आपण जेमतेम दहा टक्के ओल असलेलं कोरडं खाणं घालतो. थंडीत तो पाण्याला आणखी कमी तोंड लावतो. वर नसबंदी, वजन आणि घरातलं बसून राहणं. "आणि फटाके?" बायकोनं विचारलं. फटाक्यांनी खडे होत नाहीत, त्या म्हणाल्या, पण ताणानं मूत्राशयाला सूज येते आणि आधीच अरुंद असलेली वाट बंद व्हायला तेवढं पुरतं. कित्येक बोक्यांत तर खडे सापडतच नाहीत, नुसती सूजच असते. म्हणजे आईचं निदान तसं अगदीच वाया गेलं नाही. हे मी तिला सांगितलं. तिनं ते गल्लीभर सांगितलं.

घरी आणल्यावरचे दिवस दवाखान्यापेक्षा कठीण गेले. पहिले काही आठवडे परत तुंबण्याची शक्यता बरीच असते, असं बजावून पाठवलेलं. रात्री वाळू उकरल्याचा आवाज आला की मी टॉर्च घेऊन उठायचो आणि गोळा झाला का बघायचो. शिवाय तो खाईना. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचून ते निकामी व्हायला लागतं, त्यामुळे 'भूक लागली की खाईल' हे माणसाचं शहाणपण इथे लागू नाही. औषधी खाणं कोमट करून बोटावर दिलं, तेव्हा चाटलं. हे खाणं स्ट्रुवाइट विरघळवतं. ऑक्झलेट नावाचे दुसरे खडे असतात, ते मात्र खाण्यानं विरघळत नाहीत, त्यामुळे तपासणीशिवाय दुकानातून उचलून आणायचं हे खाणं नव्हे. हळूहळू ओलं खाणं लावलं, ज्यात पाऊण भाग पाणीच असतं. पाण्याची भांडी घरभर ठेवली, ट्रेपासून लांब. चिकन नुसतं पाण्यात उकळून ते पाणीही देतो. आपल्या रश्श्यातलं नाही. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. ट्रे एकाचे दोन झाले.

तेव्हापासून हिशेबाच्या जुन्या डायरीत धोट्याचं एक पान आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला कारखान्यातल्या सुताच्या काट्यावर वजन. पाच किलोच्या मांजराचं अर्धा किलो उतरलं तर केसांखाली डोळ्यांना दिसत नाही, पण दहावा हिस्सा गेलेला असतो, आणि मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, थायरॉइड यांची सुरुवात म्हाताऱ्या मांजरांत बऱ्याचदा अशी गुपचूपच होते. पाणी अचानक जास्त प्यायला लागलं तरी तसंच. गाढ झोपेत मिनिटाला श्वास किती, तेही लिहितो. तिसाच्या आत असायला हवेत. सतत त्याच्या वर गेले तर छाती दाखवायची. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकू लागलं तर मोजत बसायचंच नाही, रिक्षा बोलवायची. मागचे पाय एकाएकी लुळे आणि थंड पडले, फिट आली, हिरड्या पांढऱ्या किंवा निळ्या दिसल्या, उंदराचं औषध पोटात गेलं, तरी तेच. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखाली अडकलेलं मांजरही याच रांगेत.

एखादी केसाच्या गोळ्याची उलटी करून लगेच खायला पळणारं मांजर मात्र घरी बघत राहिलं तरी चालतं. एखाद-दुसरी शिंकही. एक पूर्ण दिवस अन्नाला शिवलं नाही, उलट्या थांबेनात, डोळ्याचा पांढरा पडदा अर्ध्यावर येऊन राहिला, अंग चाटणं सोडून केस जट धरायला लागले, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी दाखवायचं. पिलू असेल तर त्याच्याही आधी.

मागांच्या वस्तीत आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी: सूत. मांजर खेळता खेळता सूत गिळतं. ते तोंडातून किंवा शेपटीखालून लोंबताना दिसलं तरी ओढायचं नाही. दुसरं टोक आत अडकलेलं असतं आणि ताणलेल्या सुतानं आतडं चिरतं. आमच्या कामगारांना हे सांगितलं, तर पहिला प्रश्न आला, "मग कापून टाकू का?" कापायचंही नाही; लोंबतंय ते तसंच राहू द्यायचं आणि मांजराला डॉक्टरकडे न्यायचं. आणि तापाची म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीच नाही. मांजराचं यकृत ते औषध पचवू शकत नाही. माणसाची एक गोळी त्याचा जीव घ्यायला पुरते.

मध्यंतरी अक्कांच्या मनीला तोच त्रास सुरू झाला. रात्री साडेनऊला अक्का आमच्या दारात, हातात एरंडेल नाही, हे विशेष. "सारखी बसतीय बघ तुझ्या धोट्यासारखी." मी डॉक्टरबाईंचेच प्रश्न विचारले. मांजरी. लघवी येतेय? त्यांनी फरशीवरचा डाग दाखवला. थेंब थेंब येत होती. खातेय? हो. उलटी? नाही. पोटाखाली घट्ट लागत नव्हतं. तरी फोन केला. बाई म्हणाल्या, रात्रभर लघवीवर लक्ष ठेवा, थेंबही थांबला तर लगेच आणा, नाहीतर सकाळी पहिल्या नंबराला या.

सकाळी गेलो. मूत्राशयाला सूज होती, औषध सुरू झालं. आता ती गोळी मनीच्या घशात रोज उतरवायची कशी, हे अक्का मला विचारायला येतात, आणि मी त्यांना माझ्या बायकोकडे पाठवतो. त्या कामाला तिचा हात लागतो, आणि एक जाड सोलापुरी चादर.